मजुराच्या आयुष्यांतील पांच काळ

आजारी मनुष्याच्या उशाशीं बसलें म्हणजे आपण विचारतों, काय खाल्लें, पाणी कोठलें प्यालां, ताप केव्हां चढला. त्या घरांत महिन्याला किती रुपये येतात, आणि चाळीस वर्षांपूर्वीं, हा मनुष्य आईच्या पोटांत असतांना, किती येत होते, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. विचारणें रीतीला सोडून होईल असेंही वाटतें. तथापि गेल्या सव्वाशें वर्षांत ज्यांनीं हा प्रश्न धीर धरून विचारला, त्यांस मिळालेलें उत्तर खेड्यांतील प्रत्येक गुरुजींनीं व प्रत्येक घरकर्त्यानें समजून घेण्याजोगें आहे. म्हणून ह्या अंकांत आम्हीं हा विषय अभ्यासास घेतला आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्क नांवाचें जुनें शहर आहे. तेथें कोको व मिठाई करणाऱ्या एका क्वेकर कारखानदाराचा मुलगा सीबोम राउंट्री ह्यानें १८९९ सालीं एक विलक्षण काम हातीं घेतलें. शहरांतील मजूरवर्गाच्या घरोघर माणूस पाठवून त्यानें ११,५६० कुटुंबांची, म्हणजे ४६,७५४ माणसांची, माहिती वहींत उतरवून घेतली. घरांत माणसें किती, खोल्या किती, कमावतें कोण, भाडें काय, हें सर्व त्यांत आलें. ती माहिती त्यानें १९०१ सालीं पुस्तकरूपानें छापली.

नुसतें पाहून "हे गरीब" असें म्हणणें त्याला पुरेसें वाटलें नाहीं. त्यानें आधीं हिशेब केला कीं, नवराबायको व तीन मुलें ह्यांचें शरीर केवळ कामाजोगें राहावें एवढ्यापुरतें अन्न, वस्त्र, सरपण व भाडें ह्यांस आठवड्याला किती पैसे लागतील. उत्तर आलें २१ शिलिंग ८ पेन्स. हा हिशेब किती कठोर होता हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. ह्या रकमेंत ताजें मांस बसत नव्हतें. आगगाडीचें भाडें, वर्तमानपत्र, परगांवीं असलेल्या मुलाला पत्र धाडण्याचें तिकीट, लेंकरांना खेळणें, उपासनामंदिराची वर्गणी, ह्यांपैकीं कशासही त्यांत जागा नव्हती. बापानें एक दिवसही कामावर खाडा करतां कामा नये, हें तर त्यांत गृहीतच धरलेलें होतें. ह्या रेषेहूनही ज्यांची मिळकत कमी होती अशीं माणसें शहराच्या एकंदर वस्तींत शेंकडा सुमारें दहा निघालीं. आणखी कांहींची मिळकत रेषेइतकी असूनही त्यांचें राहणें मात्र दैन्याचें होतें. त्यांना धरून एकंदर आंकडा शेंकडा जवळजवळ अठ्ठावीस झाला.

त्या काळच्या सुखवस्तु लोकांचा समज असा होता कीं, गरीब हा दारूनें व आळसानें गरीब होतो. असे बोल आपल्या गांवांतही ऐकूं येतात. राउंट्रीनें रेषेखालच्या माणसांचीं कारणें एकेक करून मोजलीं. शंभरांपैकीं बावन माणसांच्या घरीं कमावता मनुष्य रोज नेमानें कामाला जात होता. फक्त मजुरीच अपुरी होती. बावीस जणांच्या घरीं मुलें पुष्कळ होतीं. पंधरा-सोळा जणांच्या घरचा कमावता मनुष्य मेलेला होता. बेकारीमुळें ह्या दशेला आलेले शंभरांत तीनही नव्हते. दारूची तरफदारी आम्ही करीत नाहीं, व राउंट्रीनेंही केली नाहीं; दुसऱ्या वर्गाच्या दैन्यांत दारू, जुगार व गैरकारभार ह्यांचा वाटा मोठा आहे असें त्यानें स्पष्ट लिहिलें. परंतु अंधाऱ्या, कोंदट, दाटीच्या घरांतून मनुष्य गुत्त्याकडे कां वळतो, हाही प्रश्न त्यानें त्याच पानावर विचारला आहे.

त्या पुस्तकांतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे. मजुराचें आयुष्य टंचाई व थोडीबहुत सुबत्ता ह्यांच्या पांच आळीपाळीच्या काळांत विभागलेलें असतें, असें त्यानें दाखविलें. जन्मापासून पहिला काळ टंचाईचा. बाप एकटा मिळवितो आणि खाणारीं तोंडें पुष्कळ. मुलगा स्वतः किंवा त्याचीं वडील भावंडें कमावूं लागलीं म्हणजे दुसरा काळ येतो व हातांत चार पैसे खुळखुळतात. लग्नानंतरही हा काळ थोडा टिकतो, आणि दोन-तीन मुलें झालीं कीं संपतो. मग तिसरा काळ पुन्हां टंचाईचा, कदाचित् दहा वर्षांचा, पहिलें मूल कामाला लागेपर्यंत. चौथ्या काळांत मुलें घरांत राहून मिळवितात व आईबापांना बरे दिवस दिसतात. शेवटीं मुलें लग्नें करून वेगळीं होतात, हातापायांतील बळ जातें, गांठीला कांहीं राहिलेलें नसतें, आणि म्हातारपणाचा पांचवा काळ पहिल्यासारखाच ओढगस्तीचा जातो.

ही मांडणी सोपी दिसते, पण तिच्यांत पुष्कळ भरलेलें आहे. एखाद्या दिवशीं मोजणी केली तर शंभरांत अठ्ठावीस गरीब दिसतात. परंतु आयुष्यांत केव्हां ना केव्हां त्या रेषेखालून गेलेले त्याहून कितीतरी अधिक असतात. आज ज्याचें बरें चाललें आहे त्याचें शरीर उपासाच्या काळांत घडलेलें असूं शकतें. आणि टंचाई येते ती नेमकी कोणत्या वेळीं? मूल वाढत असतांना, बायको बाळंतपणांतून जात असतांना, आणि म्हातारपणीं. ज्या वर्षांत बायका मुलें प्रसवतात त्यांतील बहुतेक वर्षें त्या दारिद्र्यांत, व म्हणून अर्धपोटीं, काढतात, असें राउंट्रीनें मुद्दाम नोंदविलें. शरीराला जेव्हां सर्वांत अधिक हवें, तेव्हांच घरांत सर्वांत कमी असतें. आपल्याकडे तर ह्या टंचाईच्या उंबरठ्यावरच लग्नाचें कर्ज आणून ठेवण्याची रीत आहे. सासरीं आलेली मुलगी पहिलटकरीण असते त्याच सालीं घर सावकाराचे हप्ते फेडीत असतें, आणि मांडवांत एका दिवसांत उडालेलें दूध-तूप तिच्या ताटांतून वर्षभर वजा होत राहतें. हा हिशेब लग्नाच्या बैठकींत कोणी मांडीत नाहीं.

शरीरावर ह्याचा कोणता ठसा उमटला तेंही यॉर्क येथें मोजलेलें आहे. मजुरांच्या वस्त्यांचे सांपत्तिक स्थितीप्रमाणें तीन भाग केले. सर्वांत गरीब भागांत दर हजारीं वर्षाला सुमारें २८ माणसें मरत, मधल्या भागांत सुमारें २१, बऱ्या भागांत साडेतेरा. तान्ह्या मुलांचा हिशेब अधिक भयंकर होता. गरीब भागांत जन्मलेल्या हजार मुलांपैकीं २४७ वर्षाच्या आंत जात, म्हणजे चारांत जवळजवळ एक; घरांत नोकर ठेवणाऱ्या वर्गांत हा आंकडा ९४ होता. जीं वांचलीं तीं शाळेंत तराजूवर उभीं केलीं तेव्हां असें दिसलें कीं, तेरा वर्षांचा गरीब भागांतील मुलगा बऱ्या मजुराच्या मुलापेक्षां सुमारें साडेतीन इंचांनीं ठेंगणा व अकरा पौंडांनीं हलका होता. दोघेही मजुरांचेच मुलगे, एकाच शहराचे, एकाच पावसांत भिजणारे. फरक आठवड्याच्या कांहीं शिलिंगांचा होता.

ह्या ठशाची खोली किती असते हें समजण्यास आणखी ऐंशी-नव्वद वर्षें जावीं लागलीं. इंग्लंडांतच हर्टफर्डशायर परगण्यांत १९११ पासून सुइणी व आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचें जन्मतांचें वजन लिहून ठेवीत. वर्षभर त्या घरीं फेऱ्या घालीत, मूल अंगावर पितें कीं बाटलीनें हें टिपीत, आणि वर्षाचें झालें म्हणजे पुन्हां वजन करीत. ह्या जाडजूड वह्यांचें पुढें काय होणार आहे ह्याची त्यांस कल्पना नव्हती. साउथँप्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर ह्यांच्या मंडळीनें त्या शोधून काढल्या व १९११ ते १९३० ह्या काळांत जन्मलेल्या पुरुषांचा माग काढला. १९८९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, जन्मतां व पहिल्या वर्षीं जे सर्वांत हलके होते, त्यांच्यांत पुढें हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण सर्वांत अधिक होतें. त्याआधीं १९८६ सालीं बार्कर ह्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली होती. इंग्लंड व वेल्समधील ज्या भागांत १९२१ ते १९२५ मध्यें तान्हीं मुलें फार मरत होतीं, त्याच भागांत सुमारें पन्नास वर्षांनंतर हृदयविकाराचे मृत्यु अधिक होते. म्हणजे गरिबीनें ज्यांना पाळण्यांत गांठलें नाहीं त्यांना ती म्हातारपणीं भेटली. जन्माचें वजन केवळ पैशावर ठरत नाहीं, हें खरें. आईची उंची, तिचें वय, तिचें आजारपण हींही त्यांत येतात. पण आईची उंची तिच्या स्वतःच्या बाळपणीं घरांत काय शिजत होतें ह्यावर पुष्कळ अंशीं ठरलेली असते, हें आपण वर पाहिलेंच.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, बायका गरोदर होण्याआधींपासूनच, त्यांची पाहणी सुरू केली. त्या खेड्यांतील बायकांचें वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास होतें. त्यांचीं बाळें सरासरी २·७ किलोचीं जन्मलीं, तर साउथँप्टनचीं ३·५ किलोचीं. आश्चर्य ह्याच्या पुढेंच आहे. हीं बाळें हातापायांनीं काटकुळीं असलीं तरी त्यांच्या अंगांत त्या मानानें चरबी मात्र फारशी कमी नव्हती. मांस कमी, चरबी राखलेली. अशा घडणीच्या शरीराला पुढें पोटभर अन्न व बैठें काम मिळालें म्हणजे मधुमेह लवकर गांठतो, असें ह्या वैद्यांचें म्हणणें आहे. मधुमेह हा शेठसावकारांचा रोग, असें आमचे वडील म्हणत. तो आतां झोंपडींत कां शिरला ह्याचें एक उत्तर येथें सांपडतें. ह्याच पाहणींत असेंही दिसलें कीं, गरोदरपणीं ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर खात, त्यांचीं बाळें मोठीं होतीं. पालेभाजी ही महाग वस्तु नव्हे. ती ताटांत न येण्यास पैशापेक्षां दुसरींच कारणें पुष्कळदां असतात; घरांत जेवणाऱ्यांची रांग कशी लागते आणि सून कितव्या नंबरावर बसते, हें त्यांतील एक.

मूल जन्मल्यावर हा फरक भरून येतो कीं वाढतो? अमेरिकेंत ॲन केस, डॅरेन लुबोट्स्की व क्रिस्टीना पॅक्सन ह्यांनीं २००२ सालीं हजारों मुलांच्या माहितीवरून दाखविलें कीं, तो वयाबरोबर वाढत जातो. लहान असतांना गरीब व सुखवस्तु घरच्या मुलांच्या प्रकृतींत थोडें अंतर असतें, पण सोळा-सतरा वर्षांचीं होईपर्यंत तें पुष्कळ रुंदावतें. गरीब घरच्या मुलाला दम्यासारखे चिवट आजार अधिक होतात, आणि झाले म्हणजे त्यांतून तें तितकें सावरत नाहीं. प्रत्येक आजार मागें थोडी बाकी ठेवून जातो, आणि ती साठत राहते. अशाच पाहण्या इंग्लंडांत झाल्या तेव्हां हा उतार तेथें सौम्य निघाला. तेथें १९४८ पासून औषधोपचार सरकारी खर्चानें होतो, हें येथें आठवावें. आपल्या देशांत २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें, पांच वर्षांखालील मुलांपैकीं वयाच्या मानानें खुजीं असलेलीं मुलें सर्वांत गरीब पांचव्या हिश्शांत शेंकडा ४६ होतीं व सर्वांत श्रीमंत पांचव्या हिश्शांत शेंकडा २३. श्रीमंतांच्या घरचा तेवीस हा आंकडाही विचार करण्याजोगा आहे.

कामाच्या वयांत मिळकत शरीराशीं कसा व्यवहार करते, ह्याचें उदाहरण परदेशांत शोधावयास नको. बीडकडील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधींच खर्च झालेली असते, म्हणून पुढचे चार-सहा महिने तें शरीर गहाण पडल्यासारखेंच असतें. पहांटेच्या थंडींत फड, दुपारीं मोळ्या, रात्रीं गाडी भरणें, आणि झोंपायला उघड्या रानांतील कोपी. एक दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत किंवा पोटांत दुखत असतां बाईला बसण्याची सोय नाहीं. २०१९ सालीं हें उघडकीस आलें कीं, ह्या बायकांपैकीं पुष्कळ जणींनीं ऐन तिशींत, कित्येकींनीं त्याहीआधीं, गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. राज्य सरकारला त्याची चौकशी करावी लागली. त्या शस्त्रक्रियेसाठीं पुन्हां कर्ज, तें फेडण्यासाठीं पुन्हां उचल. अज्ञान म्हणून ह्या बायकांना बोल लावणें सोपें आहे. परंतु त्यांनीं आपला हिशेब बरोबर मांडला होता. हिशेबांतील आंकडेच दुसऱ्यांनीं ठरविलेले होते.

येथें कोणी शंका काढील कीं, गरिबीनें आजार येतो कीं आजारानें गरिबी? दोन्ही खरें आहे. घरचा कर्ता क्षयानें सहा महिने अंथरुणाला खिळला तर आधीं शेळ्या जातात, मग बैल, मग मुलाची शाळा. पण मुलाच्या बाबतींत ही शंका फारशी उरत नाहीं. दोन वर्षांचें मूल आजारी पडण्यापूर्वीं कांहीं मिळवीत नव्हतें.

मिळकत वाढेपर्यंत हात जोडून बसावें असाही ह्याचा अर्थ नव्हे. जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं गेलें तेव्हां लोकांनीं औषधापूर्वीं अन्न व पाणी मागितलें. त्यांनीं त्याच मागणीपासून सुरुवात केली, आणि मग गांवच्याच बायकांना, ज्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, बाळंतपण, मुलांचीं वजनें व साधे उपचार शिकविले. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं ३९ खेड्यांत घरोघर नवजात बाळांची देखभाल करणाऱ्या बायका तयार केल्या. १९९९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, शेजारच्या तशाच खेड्यांशीं ताडून पाहतां नवजात बाळांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले. त्या खेड्यांत ह्या तीन-चार वर्षांत कोणी श्रीमंत झालेलें नव्हतें. मात्र त्या वांचलेल्या मुलांच्या पुढच्या साठ वर्षांचें ताट कोण भरणार, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं.

राहतां राहिला पांचवा काळ. इंग्लंडांत १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरीब म्हाताऱ्यांना पेन्शन लागू झालें, १९४५ च्या कायद्यानें मुलांसाठीं कुटुंबभत्ता ठरला. म्हणजे राउंट्रीनें दाखविलेल्या खड्ड्यांपैकीं दोन खड्डे सरकारनें थोडेबहुत बुजविले. १९५० सालीं म्हाताऱ्या राउंट्रीनें यॉर्कमध्यें तिसऱ्यांदा मोजणी केली. गरिबी पुष्कळ ओसरली असें त्याला दिसलें. पुढच्या अभ्यासकांच्या मतें त्यानें ती जरा कमीच मोजली. जी उरली होती तिचें मुख्य कारण आतां मजुरी नसून म्हातारपण हें होतें.

दक्षिण आफ्रिकेंत १९९३ पर्यंत काळ्या लोकांच्या म्हातारपणीच्या पेन्शनची रक्कम गोऱ्यांच्या बरोबरीला आणण्यांत आली. ज्या घरीं सबंध महिन्यांत रोकड फारशी दिसत नव्हती, तेथें एकाएकीं आजीच्या किंवा आजोबांच्या हातीं ठराविक रक्कम येऊं लागली. एस्थर डुफ्लो ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं त्या घरांतील नातवंडांचीं वजनें व उंच्या तपासून २००३ सालीं निष्कर्ष छापला. पेन्शन घेणारी आजी असेल त्या घरांतील नाती वजनानें व उंचीनें स्पष्टपणें सुधारल्या होत्या. नातवांमध्यें तसा फरक दिसला नाहीं. आणि तेंच पेन्शन आजोबांच्या हातीं पडलें तेथें नातींमध्यें सुद्धां दिसला नाहीं. घर तेंच, रक्कम तीच. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेची रक्कम बँकेंतून काढून आणल्यावर ती संध्याकाळपर्यंत कोणाच्या कनवटीला असते, हें आमच्या वाचकांनीं आपापल्या आळींत, कोणाला न दुखवितां, पाहून घ्यावें व आम्हांस कळवावें.